ओवीसाठी आणखी रजा

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आईस,
वैदेहीचा नमस्कार.

आधी वस्तुस्थिती, क्रमाने. माझी प्रसूतिरजा संपली. मी निवासी डॉक्टर म्हणून पुन्हा रुजू झाले. जितकी रजा घेतली, तितके शिक्षण लांबले. आणि ओवी सोयगावला तुझ्याजवळ आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे. इथे नव्या इमारती उठतात, पाणी मात्र टँकरचेच. तिकडेही तेच असेल, म्हणून ओवीचे पाणी उकळूनच दे. शेजारच्या सारजाबाई कितीही सांगोत, गुटी उगाळू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

माझे दूध मी रुग्णालयाच्या दूधपेढीत देते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची वजने त्यावर वाढतात. अभिमान वाटतो, मग ओवी वाटी-चमच्याने पिते हे आठवते.

गेल्या रविवारी मी हात पुढे केले, तेव्हा तिने तुझ्या खांद्यात तोंड खुपसले. "अगं, झोप आलीय तिला," तू म्हणालीस. आई, मी बालरोगच शिकते आहे. तिला झोप आलेली नव्हती.

बिनपगारी रजा मागता येईल. परीक्षा पुढच्या वर्षावर जाईल. अर्ज करायचा की नाही, हे तुझ्या उत्तरावर ठरेल. बोलताना तू माझे मन राखतेस. लिहिताना तुला खोटे जमत नाही. म्हणून कागदावरच कळव: ओवी मला ओळखते का?

तुझी,
वैदेही