दार उघडं असताना

अण्णा,

आमच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचं नवं यंत्र आलंय. प्रथिनाचा स्फटिक उचलायचा, किरणांसमोर धरायचा, फिरवायचा, सगळं यांत्रिक हात करतो. आम्ही बाहेर पडद्यासमोर बसतो. तुम्ही हेच बोटांनी करायचात. केसासारख्या काचेच्या नळीत स्फटिक सरकवून टोकाला मेण लावायचं आणि किरण चालू ठेवूनच नळी नेमकी समोर आणायची. बंद केले तर वेळ जायचा, म्हणून तेव्हा सगळेच तसं करत.

एकदा सुटीत मला तुमच्या प्रयोगशाळेत नेलं होतंत. मी नळीजवळ हात नेला आणि तुम्ही फाडकन हातावर मारलंत. "हात मागे! खेळणं आहे का ते?" तुमची स्वतःची बोटं किरणांतच होती. राजाजीनगरच्या आपल्या घरी स्वयंपाकघरात तुम्ही तव्यावरची पोळी बोटांनी उलटायचात, आई ओरडायची, "अहो, भाजेल!" आणि तुम्ही हसायचात. "स्वल्प गरम आहे, काय होतंय!" बोटं बधिर झालेली, भाजलेलं तुम्हाला कळतच नव्हतं. पुढे बोटांची टोकं काळी पडली, एक बोट कापावं लागलं, मग रक्ताचा आजार, आणि त्यातच तुम्ही गेलात. डॉक्टरांनी कारण छातीठोकपणे सांगितलं नाही. मला मात्र तुमचा राग आला, तो अजून गेलेला नाही. सगळं माहीत असून, घरात लहान मुलगी असून, तुम्ही हात घालत राहिलात. मी हे काम धरलं ते त्या रागापोटीच.

परवा यांत्रिक हात मध्येच अडकला. यंत्राचं दार उघडलं की किरण आपोआप बंद होतात आणि परत सुरू व्हायला वेळ लागतो. स्फटिक थंड ठेवणारा नायट्रोजन तर संपत आलेला. दुरुस्तीसाठी एक चावी असते. ती लावली की दार उघडं असतानाही किरण चालू राहतात. पुण्याहून आलेल्या माझ्या विद्यार्थिनीला वर्षभर खपून हा एकच स्फटिक मिळाला होता. ती म्हणाली, "मॅडम, चावी लावा ना, प्लीज. दोन मिनिटं फक्त. मी घालते हात."

"हात मागे!" मी ओरडले. चावी न लावताच दार उघडलं. किरण परत येईपर्यंत स्फटिक वाया गेला. ती डबा न खाताच निघून गेली.

योग्य केलंत, असं सगळे म्हणाले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून सांगते. चावी माझ्या मुठीत होती आणि कुर्त्याची उजवी बाही मी केव्हाच वर सारली होती. ती बघत होती, म्हणून थांबले.