पहिली वेलांटी

सर, तुम्हाला भिंतीवर लावलंय. इतिहास विभागात शिरल्या शिरल्या समोर, जिथं पूर्वी पाण्याचा माठ असायचा तिथं. फोटोत तुम्ही हसताय, त्यामुळे तुमच्या हाताखाली नोकरी केलेल्या माणसाला ओळखायला जरा वेळ लागतो. खाली पितळी पाटी आहे: शनिवार वर्गाचे संस्थापक. मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि परत वाचलं. अक्षरं तीच होती. माणूस गेल्यावर तरी दुसऱ्याचं उचलायचं थांबवतो, असा माझा समज होता.

मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर विद्यापीठाच्या अंगात काय येतं, हे तुम्हाला सांगायला नको; आपल्याकडे ते पहिल्यांदा तुम्हीच आणलंत. या वेळीही झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला, रोपवाटिकेतून भाड्याच्या कुंड्या आल्या, आणि प्रत्येक दाराला पाटी आली. मोडक्या बाकांच्या खोलीवर आता ‘ध्यानकक्ष’ लिहिलंय. मागच्या रानात, जिथं साप निघतो म्हणून शिपाईसुद्धा जात नसे, तिथं ‘जैवविविधता उद्यान’ झालंय. मुलींच्या स्वच्छतागृहात साबण आला, तर मुली त्याच्याबरोबर फोटो काढून घेत होत्या. आणि आम्ही निवृत्त मंडळी. आम्हालाही त्या कुंड्यांसारखं आणतात, पाणी मारतात, समितीच्या वाटेवर मांडून ठेवतात.

मला आणणारी तुमच्या खुर्चीवर बसते. करमाडची ती मुलगी आठवते का, एसटी चुकली की पहिल्या तासाला उशिरा यायची आणि तुम्ही जिला तास संपेपर्यंत दारात उभी ठेवायचात? ती आता विभागप्रमुख आहे. एरवी बोलते ती पुस्तकी मराठी, पण घाबरली की पार करमाडची होते. तिचा फोन आला तेव्हा पहिल्याच वाक्यात मला कळलं की ती घाबरली आहे.

“बाई, लई घोळ झालाय. अहवाल माझ्या आधीच्यांनी भरला. शनिवार वर्ग सरांनी सुरू केला असं लिहून बसलेत. वर गेलाय तो, आता बदलता येत नाय. समिती वर्गाबद्दल तुम्हालाच विचारणार. अहवालात एक अन् तोंडी दुसरं झालं तर आमचे गुण जातात. ग्रेड घसरली तर एम.ए.ची तुकडी बंद करायची भाषा चाललीय.”

“मग मी येतच नाही. तब्येत बरी नाही म्हणून सांग.”

“नाय बाई. तुम्ही या. अन् तुम्हाला जे बोलायचं ते बोला. मी अडवणार नाय.”

असं कोणी म्हटलं की माणूस बांधला जातो, सर. तुम्ही जन्मात असं कोणाला म्हणाला नाहीत, म्हणून तुमच्याशी मी कधी बांधली गेले नाही.

मी विभागात रुजू झाले त्या वर्षीचा वर्धापनदिन मला अजून दिसतो. तुम्ही मला फळा लिहायला सांगितलाय, कारण बाईमाणसाचं अक्षर चांगलं असतं. मी छावणीजवळच्या कॉन्व्हेंटमधून शिकलेली. इंग्रजी निबंधांना बक्षिसं मिळवलेली आणि मराठीच्या वेलांट्यांना कायम बिचकणारी. मी रंगीत खडूनं मोठ्या हौसेनं लिहिते: वर्धापनदीन. मुलं आत येऊन बसली आहेत, शिपाई खुर्च्या लावतो आहे. तुम्ही दारात थांबता, फळा वाचता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, “बाई, पहिली वेलांटी लिहिली तर दिन, म्हणजे दिवस. दुसरी लिहिली तर दीन, म्हणजे बापडा, लाचार. म्हणजे तुम्ही.” हशा होतो. मग तुम्ही डस्टर माझ्या हातात देता. स्वतः पुसला असतात तरी चाललं असतं, पण तुम्हाला तो माझ्याच हातानं पुसायला हवा होता.

त्या दिवसापासून मी मराठी नव्यानं शिकले. आणि शिकता शिकता माझ्या लक्षात आलं की वर्गातली निम्मी मुलं माझ्यासारखीच अडलेली आहेत. शेंद्र्याची, करमाडची, जालना रोडनं रोज येणारी ही मुलं. डोकं तल्लख, बोलायला लागली की ऐकत राहावं, आणि उत्तरपत्रिकेत चार ओळी सरळ उतरत नाहीत. म्हणून शनिवारी दुपारी, विभागाला अर्धी सुट्टी असताना, मी त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत बसवायला लागले. आधी बोला, मग तेच लिहा, मग एकमेकांचं तपासा, एवढीच पद्धत. वेलांट्या शिकवताना तुमचंच वाक्य उदाहरण म्हणून द्यायची, कोणी म्हटलं ते न सांगता. मुलं हसायची. पण त्या हसण्यात माझ्या बाजूला बसलेली असायची.

तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “हे विद्यापीठ आहे, रात्रशाळा नाही.” मी म्हटलं, “सर, वर्ग दुपारी असतो.” पुढच्या शनिवारी खोलीला कुलूप होतं. किल्ली तुमच्या खिशात, आणि तुम्ही घरी. शिपाईमामा बिचारे हात चोळत उभे. “म्याडम, माझ्याकडं असती तर दिली नसती का? पर साहेबांनी नेली, व्हय.” मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पर्स उघडून रुमाल काढला, बाहेरच्या पायऱ्यांवर पसरला आणि बसले. तिथून पुढं निवृत्त होईपर्यंत माझा शनिवार वर्ग त्या पायऱ्यांवर भरला.

आणि मग तुमच्या काळातली ती समिती आली. तुम्ही कामं वाटलीत. पुरुष प्राध्यापकांना सादरीकरण आणि मला रांगोळी, औक्षण आणि चहा. मी ट्रे घेऊन तुमच्या केबिनच्या दारात पोचले तेव्हा तुम्ही बोलत होतात, तुमचा तो खास पाहुण्यांसाठीचा, मध लावलेला आवाज. “खेड्यातल्या मुलांसाठी मी एक शनिवार वर्ग चालवतो. माझं अपत्यच म्हणा ना.” समितीतले एक गृहस्थ वा वा म्हणाले. तुम्ही मला पाहिलंत. डोळ्याला डोळा भिडला होता, सर, तेव्हा पाहिलं नाही असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. पाहिलंत आणि म्हणालात, “बाई, साखर वेगळी आणलीत ना?”

संध्याकाळी मी विचारलं तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. “विभागाचं नाव झालं की तुमचंही झालंच की. एवढं काय मनाला लावून घेता?” मी घरी आले, आणि तुम्हाला काय सुनवायचं ते शब्दन् शब्द तयार केलं. इतकं नीट तयार केलं की बोलायला दिवाळीची सुट्टी संपायची वाट पाहिली. आणि तुम्ही त्या सुट्टीतच गेलात. झोपेत, म्हणे. कोणाचंही काही ऐकून न घेता. तुमच्या शोकसभेत मला आभार मानायला उभं केलं होतं आणि मी आभार मानले. ते सगळं तयार भांडण माझ्या घशात तसंच राहिलं. आता तुम्हाला कळेल की मी इतक्या वर्षांनी विद्यापीठात का गेले. त्या मुलीसाठी गेले हे खरं. पण रिक्षात बसताना मी मनातल्या मनात गुणगुणत होते, तेही खरं.

सभागृहात समितीचे तिघं, समोर आम्ही. अध्यक्ष बाहेरच्या राज्यातले, वयस्क, हिंदीत बोलणारे. तुमचा फोटो तिथंही होता, हार घातलेला. अध्यक्षांनी कागद उलटले आणि मला विचारलं, “मॅडम, ये शनिवार की कक्षा बहुत अच्छी बात है. सर ने कैसे शुरू की, बताइए.”

माझी मुलगी, मुलगीच म्हणते मी तिला, शेजारी ताठ बसली होती. पदराचं टोक तिनं बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. एका वाक्यात मी तुम्हाला भिंतीवरून उतरवू शकत होते, आणि त्याच वाक्यात तिची तुकडी बुडाली असती. खोटं बोलायचं नाही, असं आमच्या सिस्टर शिकवायच्या. पण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला खोटं न बोलता काय काय बोलता येतं, हे तुम्हाला कधी कळलंच नाही.

“कुलूप लावून,” मी म्हटलं.

“जी?”

“अहवालात लिहिलंय ते अक्षरशः बरोबर आहे. संस्थापक सरच. आधी मी मुलांना एका खोलीत शिकवायचे, खोलीत मावतील तेवढीच मुलं. सरांना ते पसंत नव्हतं. त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली. म्हणून आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. तिथं दार नव्हतं, त्यामुळे येणारी-जाणारी मुलंही बसायला लागली. दुसऱ्या विभागांची आली, गावांतून नुसती सोबत म्हणून आलेली भावंडं आली. सरांनी कुलूप लावलं नसतं, तर तुम्ही ज्याला वर्ग म्हणता तो झालाच नसता. त्यांच्याएवढा वाटा कोणाचाच नाही.”

मी हे हिंदीत आणि मग इंग्रजीतही सांगितलं, कुणाचं काही सुटायला नको म्हणून. मग अध्यक्ष हसायला लागले, तोंडावर हात धरून, खांदे हलवत. समितीतल्या बाईंनी विचारलं, “और कुंजी?” मी म्हटलं, “ती सरांबरोबर गेली.” माझ्या मुलीनं बोटाचा पदर सोडला आणि तिच्या विभागप्रमुखाच्या शुद्ध भाषेत म्हणाली, “त्या पायऱ्यांवर बसून मी लिहायला शिकले, सर. आपण पाहाल का?” आणि समिती उठली. जैवविविधता उद्यान राहिलं, ध्यानकक्ष राहिला; ते तिघं जाऊन पायऱ्यांवर बसले. निकाल अजून लागायचाय. पण अध्यक्ष उठताना पायरीवर हात थोपटून गेले, ते मी पाहिलं.

तुमच्या पाटीला मी हात लावू दिला नाही. ती काढायची का, असं मुलीनं विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे, आता तिचा अर्थ बदललाय. पायऱ्यांची गोष्ट तोवर कँटीनपर्यंत पोचली होती. मुलं आता फोटोखालून जाताना एकमेकांना विचारतात, “किल्ली हाय का रे?” तुम्ही वरून हसत राहता, दुसरं काही करताही येत नाही तुम्हाला. मला फार बरं वाटलं. एवढंच की, त्या सभागृहात माझ्या एकेका शब्दाची धार पुरती कळली असती असा एकच माणूस होता आणि त्याला हार घातलेला होता. बोलून झाल्यावर मी सवयीनं तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कुठं लागलं ते बघायला.

आणखी एक आहे, ते इथंच लिहून टाकते, कारण हा कागद कुठंही जायचा नाही. समितीच्या आधी मुलीनं मला फोनवर फ्लेक्सचा नमुना पाठवला होता, तुमच्या नावाच्या व्याख्यानाचा. “बाई, छापायच्या आधी एक नजर टाका.” तुमचा मोठा फोटो, आणि त्याच्या अगदी छातीवर ठळक लाल अक्षरांत: स्मृतिदीन. दुसरी वेलांटी. बापडा, लाचार. मी ते पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं, चहा गार झाला तरी पाहत राहिले. मी काहीच केलं नसतं तर तो क्रांती चौकातल्या फ्लेक्सच्या दुकानातून तसाच छापून आला असता. आणि मी उठून त्या फ्लेक्सवाल्याला फोन केला. “भाईसाब, दिन को पहली वेलांटी. छोटी.” तो म्हणाला, “मॅडम, क्या फरक पडता है, कौन देखता?”

मैं देखती, असं म्हणाले. आवाज मात्र थेट तुमचा लागला होता.