माझी पहिली बीअरमध्ये आहे

नाही हो, कोणी टाकलं नाही. तुमचं ते मोटरसायकलच्या शर्यतीचं पुस्तक घरातच होतं. बॉयलर बदलायला माणूस येणार म्हणून मी जिन्याखालचं कपाट रिकामं करत होते, तर अगदी मागं, तुमच्या रेनकोटाखाली, वॉलपेपरच्या उरलेल्या गुंडाळीत सापडलं. पुस्तक कसलं, चार पानांचं चोपडं. दर शनिवारी स्टेडियमच्या दारात घ्यायचात. कोण कितव्या शर्यतीत पळणार ते छापलेलं, आणि पुढं मार्क भरायला चौकोन. तुमच्या पेन्सिलीचे तीन, दोन, एक, शून्य अजून दिसतायत. मुलाच्या शाळेच्या रिपोर्टवर सही करायला तुम्हाला चष्मा सापडायचा नाही, आणि या रायडरांचे मार्क बघा कसे टापटीप भरलेत. मी जिन्यावरच बसले आणि मागचं पान उघडलं. कोडं आहे तिथंच आहे.

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आपला मुलगा आता मोठा झालाय. टक्कलही तुमच्यापेक्षा मोठं. स्टॅनमोरला घर आहे त्याचं, खाली एक खोली आहे, तिला लागूनच शॉवर. ती खोली माझी म्हणून ठेवली होती. मी काही तिकडं राहायला जात नाही, म्हणून आता पुढच्या सोमवारी बिल्डर येणार, भिंत पाडणार आणि ती स्वयंपाकघराला जोडणार. शनिवारी त्याचा फोन आला. म्हणाला, "आई, एकदा भिंत गेली की गेली. आर यू शुअर?" मी म्हटलं, "हो रे, पाडा की." तिकडं मराठी मंडळात तो सगळ्यांना सांगतो, आईचा जीव बाबांच्या घरात अडकलाय. बायका माना डोलावतात, एकीच्या डोळ्यांत तर पाणी आलं म्हणे. जिवंतपणी तुम्हाला एवढा भाव कोणी दिला नव्हता हो.

पहिल्यांदा मला शर्यतीला नेलंत ते आठवतंय का? मी सिनेमाला चला म्हणत होते. तुम्ही म्हणालात, सिनेमाच्या वरचढ आहे, चल तर खरी. मी नवी साडी नेसले, वरनं तुमचा कोट. तिथं बघते तर लाल चुऱ्याचा गोल रस्ता, चार माणसं, चार गाड्या, सगळ्या आपल्या डावीकडंच वळतायत. चार चकरा मारल्या की संपलं, की परत दुसरे चार. मी म्हटलं, यांना उजवीकडं वळायला कोणी शिकवलं नाही का? आणि तो वास. त्या इंजिनांत एरंडेल घालतात हे मला काय ठाऊक. गावाकडं आई माझं नाक दाबून एरंडेल पाजायची, तो वास मला इथं इंग्लंडात, चिप्स खाणाऱ्या लोकांच्या मधोमध आला. मी तुमच्या कानात विचारलं, आज सगळ्यांना जुलाब दिलाय काय? तुम्ही एवढे हसलात की पुढची बाई वळून बघायला लागली. घरी येऊन साडीचा काठ धुतला तर बेसिन लालभडक. मी वर वर कुरकुरले, पण पुढच्या शनिवारी तुमच्याआधी कोट घालून दारात उभी होते.

कोडं आलं ते त्या वर्षीच्या शेवटच्या शनिवारच्या पुस्तकात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटतेय, तुम्ही टेबलाशी बसलाय. फॅक्टरीत इंग्रजी बोलायला तुम्ही पटाईत, पण छापलेलं समोर आलं की डाळीतले खडे निवडल्यासारखं एकेक शब्द वाचायचात. ओळ वाचलीत, थांबलात, आणि मला मराठीत करून सांगितलंत, "माझी पहिली बीअरमध्ये आहे, चहात नाही." मी लाटणं ठेवलं. म्हटलं, पुढं? पुढं म्हणे, दुसरी रेसमध्ये आहे, पेसमध्ये नाही. तिसरी लॅपमध्ये आहे, लिपमध्ये नाही. आता रेस आणि पेस राहू दे, पण लॅप आणि लिप मला येत होतं. बाळाच्या क्लिनिकमधल्या नर्सनं शिकवलं होतं, लॅप म्हणजे मांडी, लिप म्हणजे ओठ. मी म्हटलं, "एक बीअर पिते, एक पळत सुटलीये, एक मांडीवर बसलीये. एकूण आहेत तरी किती तुमच्या?" तुम्ही पान नीट बघितलंत आणि अगदी सरळपणे म्हणालात, "पाच."

पोळी करपली. शेवटची ओळ अशी होती की माझं सगळं मिळून असं काहीतरी होतं, जे इथल्या एकाही रायडरकडं नाही. मी म्हटलं, अक्कल. तुम्ही मान हलवलीत आणि परत पहिलीपासून सुरू केलंत. दुपारपर्यंत तेच. मी विचारलं, इंग्रजीत पहिला आणि पहिली एकच ना, मग तुमच्या तोंडात पहिलीच बरी आली? तुमचे कान लाल झाले. नंतर कितीतरी वर्षं मी तुम्हाला सोडलं नाही. शिफ्टवरनं उशीर झाला की विचारायची, आज पहिलीकडं होतात की मांडीवालीकडं? तुम्ही डबा ओट्यावर ठेवत म्हणायचात, सहावी सोडेल तर जाईन. उत्तर पुढच्या अंकात, असं खाली छापलं होतं. पुढचा अंक आलाच नाही. हिवाळ्यात शर्यती बंदच असायच्या, उन्हाळ्यात गेलो तर स्टेडियमला कुलूप, आता तिथं घरं आहेत. तुम्ही कुलपाशी उभे राहिलात आणि म्हणालात, "आता ते कोडं कोणाला विचारायचं?" क्लब बंद पडल्याचं राहिलं बाजूलाच.

रागावलात तुम्ही मला एकदाच, तेही बसमध्ये. तुमच्या फोरमनच्या बायकोनं चहाला बोलावलं होतं. तिनं केक पुढं केला, मी नो थँक यू म्हटलं. माणसानं पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही म्हणायचं, तिसऱ्यांदा वाढलं की मग खायचं, एवढं तर आम्हाला मराठी चौथीच्या आधीच शिकवलेलं. त्या बाईनं हसून केकवर झाकण ठेवलं. मी तासभर त्या झाकणाकडं बघत बसले. बसमध्ये पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा तुम्हाला सांगितलं. तुम्ही आवाज चढवलात. म्हणालात, "इथं आग्रह करत नाहीत. पाहिजे असेल तर पहिल्यांदाच हो म्हणायला शीक. उपाशी मरशील." मला वाईट वाटलं, तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. पण घरी तुम्ही स्वतः कुठं पाळलंत ते? माझं नको तुम्हाला कधी ऐकूच आलं नाही. मी ताटावर हात आडवा धरायची, तुम्ही बोटांच्या फटीतनं भात वाढायचात.

तुम्ही फॅक्टरीत पडलात, तिथनं फोन आला, तेव्हा मी मटार सोलत होते. फोन ठेवला आणि राहिलेले सोलून संपवले. क्रिमेटोरियममध्ये पडदा सरकला तेव्हा मी पडद्याची शिलाई बघत होते, एका ठिकाणी उसवली होती. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की ओठ आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं होतं. मला वाटलं, उतरेल. थोडं उतरलं असेल. पण सगळं काही उतरलं नाही, आणि नंतर मी तपासायचं सोडून दिलं. सकाळी उठते, चहा एका कपाचा टाकते, टीव्ही लावते. दुःख आहे का विचाराल तर तसंही नाही. तसंच आहे आपलं.

आपली नात इथंच नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत शिकते, रविवारी जेवायला येते. मराठी बोलते, पण बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई करून टाकते. परवाच्या रविवारी तिला ते चोपडं दाखवलं, तुमच्या पाच बायकांची गोष्ट सांगितली. तिनं कोडं वाचलं आणि म्हणाली, "आजी, हा तर एकदम इझी आहे. माझी पहिली म्हणजे वाइफ नाही ग, फर्स्ट लेटर. बीअरमध्ये आहे, टीमध्ये नाही." म्हणजे अक्षर. पहिला नाही, पहिली नाही, पहिलं. मी म्हटलं, म्हणजे हा इंग्रजांचा उखाणा झाला की, आपण नाव दडवतो तसं यांनी दडवलंय. तिनं पेन्सिलीनं मांडलं, बी, आर, ए. मी ओरडले, थांब, ब्रेन! अक्कल, मी तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, नाही आजी, पुढं के आहे, मग ई. ब्रेक. शेवटची ओळ परत वाचून ती माझ्याकडं बघायला लागली. म्हणे, ब्रेकच नसते त्या बाइकला? सीरियसली?

नसतो. तुम्हीच सांगितलं होतंत मला, त्या पहिल्या संध्याकाळी, अगदी कौतुकानं, स्वतः बनवल्यासारखं. मी विचारलं होतं, मग थांबतात कशी, तर म्हणालात, दम संपला की थांबतात. एवढं ठाऊक असलेला माणूस पहिलीला शोधत बसला. नातीनं विचारलं, "आजोबा क्लेव्हर होती ना?" मी म्हटलं, हो, फार गुणाची मुलगी होती.

मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की मला हसू येईल, नाहीतर एवढ्या वर्षांचं रडू तरी. काही आलं नाही. मी ताटं उचलली. मी धूत होते, ती पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, डॅड म्हणतो, आजीला इथंच राहायचं आहे, तेच तिला आवडतं. खरं आहे का? मी म्हटलं, मी गेले तर तुझ्या आजोबांच्या पाचजणींना चहा कोण देणार? ती हसली. चेष्टा केली की लोक पुढचं विचारत नाहीत, हे मी तुमच्यावरच शिकले. मग तिला भाजीचा डबा दिला आणि बस येईपर्यंत स्टॉपवर उभी राहिले.

मुलानं पहिल्यांदा विचारलं ते मागच्या दिवाळीत. मी आठ दिवस त्याच खोलीत राहिले होते. पलंगाच्या बाजूला त्यानं दिवा लावून घेतला होता, बाथरूममध्ये धरायला दांडा. निघायच्या सकाळी म्हणाला, आई, आता इकडंच राहा. मी म्हटलं, नको रे बाबा, मी तिकडंच बरी. आणि थांबले. पिशवीची चेन उगाच उघडली, परत लावली. सून दारात होती, तिच्याकडंही बघितलं. मुलगा म्हणाला, "ओके आई. तुझा डिसिजन." खांद्यावर हात ठेवला आणि गाडी काढायला गेला. चांगला आहे हो तो. इथं वाढलाय, माझ्या शब्दाला मान देतो. सूनही चांगली आहे. शनिवारी फोनवर तर त्यानं परत विचारलं, स्वतः होऊन. तरी माझ्या तोंडातनं निघालं, पाडा. मग रात्रीचं जेवण काय केलंस वगैरे बोललो.

हे पत्र टाकायचं कुठं, तिकीट कितीचं लावायचं, पोस्टातला माणूस विचारेल तर काय सांगू. लिहून झालं की घडी करून ओट्याच्या खणात घालीन. उद्या बॉयलरवाला येईल, त्याला चहा विचारायचाय. आणि एक, मंडळातल्या बायकांना जे वाटतं ते खोटं आहे. मी तुमच्या आठवणीसाठी या घरात राहिलेली नाही. मला मुलाकडं राहायला जायचंय, आणि ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.