तिसऱ्या दिवशीची किल्ली

मी, खाली सही करणारा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा कुलूप-किल्ल्यांचा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी बसून, माझ्या मर्जीने लिहीत आहे. हात थरथरतात, पण डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात तोंडी मात्र बरंच काही बोललो आहे, ते सगळं आज रद्द समजावं.

१. दुकान, कानशी, पकडी आणि किल्ल्या कापायचं मशीन मुलाला द्यावं. त्याला या धंद्यात काडीचा रस नाही, हे मी जाणून आहे. त्याने खुशाल विकावं, फक्त कानशी भंगारात घालू नयेत. बँकेतली ठेव मुलाने आणि मुलीने निम्मी निम्मी घ्यावी.

२. दुकानाशेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई गेली सहा वर्षं माझ्या घरी राहतात. आम्ही लग्न केलेलं नाही. वकिलांनी विचारलं, "नातं काय लिहू?" मी म्हटलं, "जागा मोकळी सोडा." मागची खोली आणि शिलाई मशीनची खिडकीजवळची जागा त्या असेपर्यंत त्यांची. घर कुणाच्याही नावावर असो, त्यांना कुणी तिथून उठवू नये.

३. थोरल्या भावाला पितळी कुलूप द्यावं, दोन्ही किल्ल्यांसकट. बावीस वर्षांपूर्वी माझी मुलगी एका घटस्फोटित माणसाबरोबर, लग्न न करता राहायला गेली. तेव्हा भाऊ म्हणाला होता, "जगाची कुलपं करतोस, स्वतःचं दार बंद करता येत नाही तुला?" त्याच संध्याकाळी मी घराच्या दारातलं जुनं कुलूप काढून नवं बसवलं. हेच ते कुलूप. जेमतेम चार दिवस वापरलेलं आहे. दादा, तुला हवं तिथे लाव.

४. राहतं घर मुलीला द्यावं. त्याचं कारण लिहिणं मला भाग आहे.

कुलूप बदललं त्याच्या तिसऱ्या दिवशी ती आली होती. मी दाराच्या आत खुर्चीवर बसलो होतो. तिने किल्ली दोनदा लावून पाहिली. बायको स्वयंपाकघरातून धावली, मी तिचा हात धरून ठेवला. तिसऱ्यांदा किल्लीचा आवाज आला नाही, जिन्यावर पावलं वाजली. चौथ्या दिवशी मी जुनं कुलूप परत बसवलं.

माझं गणित धंद्यातलं होतं. किल्ली लागत नसली तरी गिऱ्हाईक दहादा लावून बघतं, मगच मला बोलावतं. वाटलं, तीही पुन्हा येईल, किल्ली लावील, दार उघडेल आणि मला काही बोलावं लागणार नाही. जुनं कुलूप परत लावल्याचं मुलीला सांगायचं नाही, अशी मी बायकोला शपथ घातली. तिने ती आठ वर्षं पाळली आणि तशीच गेली. मुलगी दवाखान्यात आईला भेटायला आली, तेव्हा मी जिन्यात उभा राहिलो. मुलगा त्या काळात बाहेरगावी शिकत होता. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दार दोनदा बदललं, कुलूप तेच ठेवलं. दर महिन्याला तेल घालतो. ज्यासाठी पोटच्या पोरीला बाहेर काढलं, तेच मी आज करतो आहे, आणि सुखात आहे. त्याची मला लाज वाटते.

५. मुलीने आपली किल्ली टाकून दिली असेल. तिच्या किल्लीचे दात मला पाठ आहेत. तशीच एक कानशीने, हाताने घडवून सोबतच्या पाकिटात ठेवली आहे. माझ्या पश्चात ती मुलीला द्यावी.

पुरवणी. वरचा मजकूर सकाळी बाईंना वाचून दाखवला. त्या काज करत ऐकत होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, "आणि ती दार उघडून आत आली की भेटणार कुणाला?" त्यांनी पाकिटातली किल्ली काढली आणि दाराला लावून पाहिली. फिरली नाही. मी आणखी दोन केल्या, त्याही फिरल्या नाहीत. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. बाईंनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "आता किल्लीमागे लपू नका. लिहा तिला."

सबब कलम पाच रद्द. मुलाकडून पत्ता घेऊन आजच्या टपालाने मुलीला चिठ्ठी पाठवली. तिची नक्कल इथे देतो:

"तू तिसऱ्या दिवशी आलीस. मी आतच होतो. चौथ्या दिवशी मी जुनं कुलूप परत लावलं, ते आजही आहे. हे तुला सांगायला मला बावीस वर्षं लागली. तुझ्यासाठी नवी किल्ली करायला बसलो, पण आता हातून होत नाही. तुझी असली तर घेऊन ये. नसली तर हाक मार. या वेळी मी उठेन."

सही: (थरथरलेली असली तरी माझीच आहे)

साक्षीदार: १. समोरच्या गाळ्यातले बुकबाइंडर. २. औषधाच्या दुकानातल्या ताई. दोघांनीही माझ्यादेखत सही केली. दोघंही दारातून सरळ आत आले, कुलूप लावलेलं नव्हतं.

ठिकाण: राहतं घर, दाराजवळची खुर्ची.
तारीख: चौदा, बुधवार, दुपार.