'सातव्या मैलाची पाटी'ला दोन स्टार

३ जानेवारी, शनिवार

नाशिकच्या द्वारका चौकातल्या चहाच्या टपरीवर आज नुसता गोंधळ! गोटीरामनं गेल्या वर्षीच्या दहा सिनेमांची यादी मोठ्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवलीय. तो जवळच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला, पण सगळा जीव सिनेमात. पहिला नंबर कुणाचा यावरून दोघं हातघाईवर आलेले. मी दिसलो तसा गोटीराम ओरडला, "थांबा, शेखर सर आले! सर, तुम्हीच सांगा!"

एकजण म्हणाला, "पेपरवाल्यांचं काय ऐकायचं? पाकीट पोचलं की चार स्टार." गोटीराम त्याच्या अंगावरच गेला. "तेवीस वर्षं सर लिहितायत! अजून कुठल्या प्रोड्युसरचा चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. आपली यादी त्यांच्या स्टारवर चालते, कळलं?"

खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

मग म्हणाला, "बघा ना सर, क्रम बरोबर लागलाय का." मला कागद दिसत होता. अक्षरं नव्हती दिसत. मधोमध राखाडी डाग. "तूच वाच मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू दे," म्हणालो. निभावलं.

७ जानेवारी, बुधवार

डॉक्टरांकडे एकटाच गेलो. चैतालीला सांगितलं, पेपरच्या ऑफिसात चाललोय. माझी मुलगी — पण हल्ली आईसारखी प्रश्न विचारते.

साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्लाय. डावा गेल्यात जमा. उजव्यात मधलं नाही, कडेकडेचं दिसतं. "इंजेक्शनं देऊन बघू. फार आशा ठेवू नका, उशीर केलात." मी विचारलं, सिनेमा? म्हणाले, "आता ऐकायचा."

चैतालीला सांगायचं नाही. मनोजला तर नाहीच — संपादक आहे, दुसऱ्या दिवशी पान काढून घेईल. माझी बायको वत्सला, ती गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी नव्या सिनेमाच्या एका शुक्रवारावरून दुसऱ्या शुक्रवारावर उडी मारत जगतोय. मधले दिवस कसे जातात आठवतही नाही.

जाड स्केचपेननं लिहितोय. पानावर जेमतेम आठ ओळी बसतात.

९ जानेवारी, शुक्रवार

'वाघनखी दौलत' पाहिला. पाहिला! — ऐकला. त्यात सगळं बोलूनच दाखवतात. हीरो आला की शिट्ट्या, व्हिलन आला की ढोल. एक गोष्ट निसटली नाही. साडेतीन स्टार दिले.

सिनेमा आवडला नव्हता. कळला होता, एवढंच. ही लाच कुणी दिली नाही, पण मी घेतली.

१६ जानेवारी, शुक्रवार

चैतालीनं स्कूटीवरून थिएटरला सोडलं आणि तशीच सिन्नरला कंपनीत गेली. उतरताना माझा हात तिनं जरा जास्त वेळ धरला. गर्दी होती म्हणून असेल.

दारातच दीपक उभा. नांदगावचा पोरगा, तिशीचा असेल. 'सातव्या मैलाची पाटी' त्याचा पहिला सिनेमा. पाच वर्षं त्यासाठी खपला. नट सगळे गावातले. आई झालीय ती खरोखरची त्याची चुलती, चतुराबाई. वाकून पाया पडला. "सर, तुम्ही आलात ना, बस झालं. मोठी नावं नाहीत आपल्याकडं. नाशकात तुमचं वाचूनच लोक येतील."

दोन तासांत वीस वाक्यंही नाहीत. कंदिलाचा उजेड असावा, पहाट असावी. मला राखेसारखं काहीतरी हलताना दिसत होतं. पावलं ऐकू आली. बकऱ्या. कडी वाजली. मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं पाहिलं — एक बाई उंबऱ्यात बसलेली, खांदे हलतायत. बाजूचा माणूस श्वास रोखून बसलेला कळत होतं. मी मात्र घड्याळ चाचपत होतो.

बाहेर आल्यावर दीपकनं काही विचारलं नाही. पाणी दिलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. "बाबा रे, मला दिसलं नाही. दुसऱ्या कुणाला पाठवतो." चार शब्द. घरी येऊन लिहायला बसलो.

१८ जानेवारी, रविवार

छापून आलं. "पडदा सतत अंधारलेला, पात्रं धूसर. दिग्दर्शकाला काय दाखवायचं आहे तेच दिसत नाही. शेवट नाहक रडका. दोन स्टार."

तेच दिसत नाही! कुणाला, शेखर?

२० जानेवारी, मंगळवार

गोटीरामच्या ग्रुपवर रण पेटलंय. फोन मेसेज वाचून दाखवतो, मी ऐकत बसतो. स्नेहा नावाची एक कॉलेजची मुलगी आहे, तिनं सिनेमा पाहिलाय. "इतकं सुंदर छायाचित्रण मी मराठीत पाहिलं नाही. सर झोपले होते का?" दुसरा म्हणतो, "दौलतला साडेतीन आणि ह्याला दोन? सरळ आहे, मॅनेज झाले." गोटीराम एकटा सगळ्यांना पुरून उरतोय. "सरांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं? मी आठ तिकिटं काढणार होतो. सरांचं वाचलं आणि रद्द केलं."

आठ तिकिटं.

ते मला विकला गेलेला म्हणतात, हा मला देव म्हणतो. दोघंही चूक. स्नेहा सगळ्यात जवळ पोचली होती.

२३ जानेवारी, शुक्रवार

आजपासून 'सातव्या मैलाची पाटी' नाशकात कुठंच नाही.

२५ जानेवारी, रविवार

दीपक घरी आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं.

खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, "सर, सिनेमा उतरला त्याचं काही नाही. नशीब. फक्त एक सांगा — शेवट तुम्हाला रडका का वाटला? पुढच्या वेळी सुधारतो."

मी मास्तरासारखा सुरू झालो! "अरे, ती आई एवढं सोसते, आणि शेवटी तू तिला उंबऱ्यात बसवून रडवतोस. प्रेक्षकाला काय उरतं?"

तो हळूच म्हणाला, "सर, ती हसते."

"पूर्ण सिनेमाभर हसत नाही ती. शेवटी पहिल्यांदा हसते. लय वेळ हसते. खांदे हलतात तिचे. त्या एका हसण्यासाठी काकूला आम्ही तीन दिवस बसवलं होतं."

मी म्हणालो, "हो... म्हणजे... त्या अर्थानं नाही." कुठल्या अर्थानं, देव जाणे.

तो उठला. दारात थांबला. माझ्याकडे बघत असावा. "येतो सर." पायऱ्या सावकाश उतरला. पाया पडला नाही.

२६ जानेवारी

जेवलो नाही.

३१ जानेवारी, शनिवार

मनोजकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हणालो, छाप — 'हा सिनेमा मी पाहिला नव्हता, मला दिसत नाही, ते दोन स्टार मागे घेतो.' तो बराच वेळ पेन आपटत राहिला. मग दार लावून घेतलं.

"सर, तुम्ही उद्यापासून घरी बसा, तुमचा सत्कार करू. पण हे नाही छापता येणार. लोक विचारतील, वर्षभर काय छापत होतात? आधीच कोणी विश्वास ठेवत नाही आपल्यावर."

"म्हणूनच म्हणतोय ना!"

"प्रकृतीच्या कारणास्तव, एवढंच टाकतो."

तो बावीस वर्षांचा असताना मीच त्याला हेडिंग द्यायला शिकवलं होतं. छान हेडिंग दिलं त्यानं.

४ फेब्रुवारी, बुधवार

पेपर छापत नसेल तर तोंड आहे. संध्याकाळी टपरीवर गेलो. सगळे होते, स्नेहाही आलेली. उभ्या उभ्याच सांगितलं. डोळे गेलेत. दीपकचा सिनेमा मला दिसला नव्हता. पाकीट नव्हतं, पण खोटं होतं.

कुणी शिवी दिली नाही. स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता.

मग गोटीरामचा आवाज, ओळखू न येण्याइतका बारीक. "सर, कधीपासून?"

"डोळे?"

"स्टार. कुठपर्यंत खरे, कुठून खोटे? मागच्या दिवाळीचा तो? त्याच्या आधीचे?"

अंधार कोणत्या तारखेला झाला याची कुणी नोंद ठेवतं का? म्हणालो, "माहीत नाही रे."

"मी लोकांशी भांडलो सर तुमच्यासाठी. माझा दोस्त मनोहर त्यापायी दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही."

स्नेहा पुढं झाली, माझा कोपर धरला. "चला सर, रस्ता ओलांडून देते." पोरीला मी आयुष्यात काही दिलं नाही. द्वारकेच्या त्या भयंकर ट्रॅफिकमधून तिनं पलीकडं आणलं, रिक्षात बसवलं. एवढंच म्हणाली, "सांगितलंत, बरं केलंत."

घरी आल्यावर चैतालीलाही सांगितलं. वाटलं, रडेल, रागावेल. तिनं काही विचारलं नाही. डोळ्याच्या औषधाची बाटली उघडून म्हणाली, "मान वर करा."

८ फेब्रुवारी, रविवार

दीपकला चार वेळा फोन केला. उचलला नाही. दुपारी त्याचा मेसेज आला, फोननं त्याच्या त्या यांत्रिक आवाजात वाचला. "गोटीराम भाऊंनी सांगितलं. डोळ्यांची काळजी घ्या सर. सिनेमा गेला तो गेला. काकू विचारत होती, पेपरात माझ्याबद्दल काय आलं. मी सांगितलं, चांगलं आलंय."

परत ऐकवत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवार. कुठं जायचं नाही.

१ मार्च, रविवार

मी सांगतोय, चैताली लिहितेय. उजवाही गेला, गुरुवारी सकाळी. तिला म्हणालो, नवीन पान काढ, मागची उघडू नकोस. म्हणाली, "बाबा, मी वाचलीयत." कधी? "दीपकच्या सिनेमाच्या आदल्या दिवशी." म्हणजे तुला माहीत होतं! तरी मला तिथं सोडून आलीस? अडवलं का नाहीस गं?

पेन मात्र चाललेलं ऐकू येतंय. मी तर काहीच सांगत नाहीये. काय लिहितेस, चैताली?

बाबा, मला तुमचा शुक्रवार काढून घेता आला नाही. ते दोन स्टार माझेही आहेत.