भीमपूरच्या बाईची कुंची

माय, तुला अक्षर येत नव्हतं. हा कागद तू असताना लिहिला असता तरी मलाच तो तुला वाचून दाखवावा लागला असता, आणि तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी वयानं तुझ्याहून मोठी झालेय. निजामाचं राज्य गेलं, आदिलाबादच्या कचेरीत मिसल आणि पेशी हे शब्द तेवढे मागे राहिले. आपली ओसरी मात्र आहे. तिथं बसून मी अजून तान्ह्या लेकरांचे कपडे शिवते, सगळे हातानं. लोक अजूनही दारात येऊन ‘दाण्याची कुंची पायजे’ असंच म्हणतात, आणि माझ्या सुनेला वाटतं की हे नाव मी पाडलं. मी तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा केला.

बाबा गेले आणि तू सुई धरलीस. आपल्याकडे लेकराच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत, घरातल्या कुणा पिकल्या माणसाचं जुनेर लावतात. ते जुनेर बाया तुझ्याकडे आणून द्यायच्या आणि तू त्याचं अंगडं, टोपडं, कुंची करून द्यायचीस. शिवून झालं की कुंचीच्या आत, मानेपाशी, पिवळ्या धाग्यानं ज्वारीचा एकच दाणा काढायचीस. तो दाणा असला की बाया डोळे मिटून घेऊन जायच्या. दाण्याचा अर्थ एवढाच होता, की ज्यानं कापड दिलं त्याचंच आत आहे, आणि सगळी शिवण हाताची आहे. बाजारात मशीन घेऊन बसलेला शिंपी एकदा तुला म्हणाला, भागीदारीत या, दिवसाला दहा कुंच्या काढू. तू त्याला तोंडावर सांगितलंस, “लेकराचं आंग हाये ते, पोतं नाई.” बिचारा नंतर आपल्या गल्लीतून जाताना मान खाली घालून जायचा. तुझं बोलणं असंच होतं, माय. शहाण्या माणसाला चार दिवस पुरायचं.

मी पंधरा वर्षांची होते. काजं करायची, अस्तर टाचायचं, एवढंच माझ्या वाट्याला होतं, दाण्याला हात लावायची सोय नव्हती. मग एका बाजाराच्या दिवशी तू धागे आणायला इचोड्याला निघालीस आणि जाता जाता म्हणालीस, “कचेरीतल्या पेशकाराच्या घरची कुंची तूच शिव. हे अन् याच्यावरची एक, दोनी नीट उतरल्या तं दाना घालाले शिकवतो तुले.” मी तर हवेतच. खुंटीवर दोन गाठोडी होती. डावं पेशकारीणबाईंचं, त्यांच्या सासूच्या लुगड्याचा तुकडा. उजवं भीमपूरच्या एका कापूस पिकवणाऱ्या घरच्या बाईचं. तिची आई वारली होती आणि चौघी बहिणींनी आईचं एकच लुगडं वाटून घेतलं होतं, त्यातला हिच्या वाट्याचा हातभर तुकडा. दोन्ही डाळिंबीच. मी आदल्या दिवशी दोन्ही गाठोडी उन्हात टाकली होती आणि परत टांगताना बाजू चुकले. चूक एवढीच, माय. खुंट्या दोन आणि मी एक.

तुकडा उलगडला तर मधोमध चिंचोक्याएवढं रफू. मला वाटलं, पेशकाराच्या घरचं लेकरू, रफू वर दिसलं तर आपली नाचक्की. कुंची दुहेरी असते, म्हणून ते रफू मी आतल्या घडीत दडवलं आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले. तू संध्याकाळी आलीस, वरवरची शिवण पाहिलीस, “बरी हाये” म्हणालीस. पेशकाराची बदली झाली होती, गाडी दारात उभी होती, तू घाईनं दाणा घातलास आणि कुंची गुडीहत्नूरच्या रस्त्यानं हैदराबादेकडे गेली.

आठ दिवसांनी तू दुसरं गाठोडं माझ्यापुढे टाकलंस. “भीमपूरची. रफू हाये त्यात, तिच्या मायच्या हातचं. ते बरोबर लेकराच्या डोक्यावर येऊ दे म्हने ते बाई.” तू पाणी आणायला गेलीस. मी तुकडा उलगडला, उलटा केला, पुन्हा उलगडला. रफू कुठे असणार? ते बैलगाडीत बसून कधीच गेलं होतं.

मी तेव्हा उठून तुझ्यामागे विहिरीवर यायला हवं होतं. मी आले नाही. दाणा दोन बोटांवर आला होता, आणि तो मला हवा होता. मी कात्रीच्या टोकानं पेशकारीणबाईंच्या सासूच्या चांगल्या कापडाला भोक पाडलं, त्याच्याच काठातून धागे उपसले आणि आठवून आठवून ते रफू पुन्हा विणलं. मेलेल्या बाईचा हात मी उचलला, माय. आणि सांगायला लाज वाटते, पण काम इतकं सुरेख उतरलं की मी ते उजेडात धरून पाहत बसले.

भीमपूरची बाई आली ती सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. तू कुंची हातात घेतेस, पिवळा धागा ओवलेला आहे, आणि तुझा अंगठा रफूवर येऊन थांबतो. तू माझ्याकडे पाहत नाहीस. तेवढ्यात ती बाई पुढे वाकते, रफूवर बोट फिरवते आणि तिला रडू फुटतं. “माह्या मायचा हात हाये बाई हा. लेकराच्या डोक्यावर माह्या मायचा हात येईन.” मी दाराशी उभी. तू सुई परत रिळात खोचलीस आणि इतक्या मऊ आवाजात बोललीस की मी तसा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही: “मंग इच्यावर माहा दाना नको, बाई. अशीच घेऊन जा.” ती समाधानानं गेली. तिला तो मोठेपणा वाटला असेल.

ती वळली तशी तू विचारलंस, “खरं कापड कुठी हाये?”

“पेशकाराच्या गाडीत.”

“काऊन नाई सांगतलं?”

“तू दाना शिकवनार होती मले.”

मला वाटलं होतं, झोडपशील. तू कुंचीच्या उरलेल्या कातरणांची घडी घातलीस आणि म्हणालीस, “सुई चांगली चालवली तू. तेच वाईट झालं. चुकून गेलं असतं तं मीच तिच्या पाया पडलो असतो. आता हे तुह्यं हाये. तिले सांगून ये, मंग दाना घाल. तवर हात लावायचा नाई.”

भीमपूर काही काशीला नव्हतं. मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. तिचं बाळंतपण होऊ दे, बारसं होऊ दे, लेकरू बसू लागू दे. तू पुन्हा एकदाही विचारलं नाहीस. शिवणं मला सगळं शिकवलंस, फक्त दाणा घालायच्या वेळी कपडा माझ्या हातातून काढून घ्यायचीस. दोन वर्षांनी तापानं तू गेलीस, आणि तेराव्यानंतर पहिली बाई दारात आली ती दाण्याचीच कुंची मागत. मी दार लावून घेतलं आणि दाणा घातला. बघून बघून आलाच होता मला. तेव्हापासून किती घातले त्याची गणती नाही. आणखी कुणाचं कापड कधी बदललं नाही, हे खरं. पण परवानगी घेतली नाही, हेही खरं.

आता नागपूरचे ट्रक रस्त्यावर तयार कपड्यांचे ढीग टाकून जातात, तरी माझ्याकडे बाया येतात. मागच्या आठवड्यात तीच भीमपूरची बाई आली. म्हातारी झालीय, नातीला घेऊन आली होती. पदराखालून कुंची काढली. तिची चार लेकरं तीत वाढली, नातवंडं वाढली, आता पणतू येणार, शिवण ढिली झाली तेवढी घट्ट करून दे म्हणाली. नात बाहेर गेली होती. आम्ही दोघीच होतो, माय. वाक्य माझ्या जिभेवर होतं. हा कागद लिहायला बसले ते तुला हे सांगावं म्हणून, की तिचं सुख मोडू नये म्हणून मी गप्प बसले. असं लिहिलं असतं तर तुला पटलंही असतं. पण गप्प बसले ते त्यासाठी नाही.

तिनं रफूवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “पाह्य, असं रफू आता कोनाच्या हातानं होत नाई.” आणि मला बरं वाटलं. लाज नंतर आली, ती वेशीपलीकडे गेल्यावर. आधी बरंच वाटलं, माय.