शिरुईचं रागाचं पाणी

४ ऑगस्ट
पुन्हा मेल्या! इकितोसहून विमानाने गेलेल्या चाळीस पिशव्या, आणि लिमात एकही शिरुई मासळी जिवंत उतरली नाही. फोटोत पाणी दुधासारखं पांढरं. दुसऱ्यांच्या पिशव्यांतले मासे धडधाकट. माझ्या मिशीवाल्याच का?

दोन्या सोराइदा, आमच्या मालकीणबाई, एवढंच म्हणाल्या, "नेलिदा, तिसऱ्यांदा असं झालं तर मी दुसरी बाई बघेन."

५ ऑगस्ट
काही म्हणजे काही कळत नाही. सगळं आवारातल्या म्हाताऱ्या अबनेरकाकांनी शिकवलं तसंच करते. टाकीत नानाय नदीची मऊ वाळू, म्हणजे मिशा झिजत नाहीत. पिशवीत भरायच्या आदल्या दिवशी माशांना उपास. पकडली की शिरुई चिडते, अंगातलं विष सोडते. ते पाणी बादलीत काढून टाकायचं, मासे नव्या पाण्यात, मगच पिशवी. "आधी राग बाहेर पडू दे पोरी, मग गाठ मार!" बारा वर्षं हेच करतेय.

७ ऑगस्ट
वाळू धुतली. पाणी बदललं. टाकीत तर मजेत आहेत — वर येऊन हवेचा घोट घेतात, पुन्हा खाली जाऊन वाळू उकरतात. मग पिशवीत काय होतं? माझा हातच वाईट का?

काका हसले. "तुझं काही नाही गं. त्यांना घर आठवत असेल. मी पाणी वाढवतो." माझ्या प्रत्येक पिशवीत ते मगभर नदीचं पाणी घालतात, माशाने घर विसरू नये म्हणून. वर्षानुवर्षं घालतात. त्याने कधी कुणाचं वाकडं झालं नाही.

१० ऑगस्ट
अर्ध्या पिशव्या विमानाने गेल्यावर दिसलं. दाराशी दोन निळ्या बादल्या. एक काकांच्या नदीच्या पाण्याची. दुसरी माझी, रागाच्या पाण्याची — जुनी लाल फुटली म्हणून गेल्या महिन्यात आणलेली. काकांचा मग माझ्या बादलीत!

"काका!" मी ओरडले.

"काय गं?" ते माझ्या शेजारच्या खांबाकडे बघून म्हणाले.

मला रडूच कोसळलं. काही नाही, म्हटलं. माझी बादली मागच्या अंगणात नेली आणि उरलेल्या पिशव्या गुपचूप पुन्हा भरल्या.

१२ ऑगस्ट
गेलेल्या पिशव्यांतल्या सगळ्या मेल्या. मालकीणबाईंनी विचारलं, "कुणाची चूक?" काका शेजारीच उभे होते. डोळे गेलेल्या म्हाताऱ्याला कोण ठेवणार?

"माझी," म्हटलं.

१६ ऑगस्ट
उरलेल्या पिशव्या लिमाला पोचल्या. एकही शिरुई मेली नाही! काका आवारभर सांगत सुटलेत, "या वेळी दोन-दोन मग घातले, म्हणून!" उद्या माझा शेवटचा दिवस. त्यांच्या बादलीच्या कडीला चिंधी बांधून ठेवली आहे. हाताला तरी कळेल.